गणकयंत्राचा खोळंबा नेमका कुठे?

घोलवडच्या एखाद्या चिकूवाडीत माल उतरवण्याचे काम चालले आहे अशी कल्पना करा. दहाबारा गडी काठीच्या टोकाला जाळी बांधून चिकू उतरवीत आहेत, टोपल्यांवर टोपल्या भरत आहेत. पण लहान-मोठा, कच्चा-तयार असा माल निवडायला खाली एकच बाई बसलेली आहे. दुपारपर्यंत तिच्यापुढे ढीग साचतो आणि टेम्पो रिकामाच उभा राहतो. आता वाडीवाल्याने आणखी पाच गडी झाडावर चढवले, तर टेम्पो लवकर भरेल काय? मुळीच नाही, ढीग तेवढा वाढेल. खोळंबा झाडावर नाहीच, तो निवडणाऱ्या बाईपाशी आहे. तिच्या जोडीला दुसरी बाई बसवली, की काम चालू.

एवढे ज्याला पटले, त्याला मंद चालणारा लॅपटॉप निम्मा कळला असे समजायला हरकत नाही. राहिलेला निम्मा कळण्यासाठी मात्र थोडा इतिहास पाहावा लागतो, आणि आजच्या भाषणाचा तोच विषय आहे.

डहाणू-तलासरीकडच्या शाळांतून आणि घराघरांतून आता लॅपटॉप आले आहेत. त्यांतले पुष्कळसे आठदहा वर्षांचे. सकाळी गुरुजी बटण दाबतात, मुलांची हजेरी होते, एक कविता म्हणून होते, तरी पडद्यावर आपले ते गोल चक्र फिरतच असते. मग कोणीतरी निकाल देऊन टाकतो, की "यंत्र म्हातारं झालं, नवीन घ्या." हा निकाल महागात पडणारा आहे, आणि बहुतेक वेळा तो चौकशीवाचून दिलेला असतो. २०१५ साली घेतलेला प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारा भाग, सेकंदाला जितक्या बेरजा तेव्हा करीत होता जवळजवळ तितक्याच आजही करू शकतो. बैल जसा वयाने थकतो तसा तो थकत नाही. मग यंत्र मंद का झाले? तर चिकूवाडीप्रमाणे कुठेतरी ढीग साचतो आहे म्हणून. तो कुठे साचतो हे हुडकण्याची विद्या मात्र लॅपटॉपपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

घोलवडच्या स्टेशनावरून गाडी मुंबईकडे निघते. त्या वाटेच्या शेवटाला, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. या संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने १९५०च्या दशकाच्या मध्याला एक धाडस आरंभले. गणकयंत्र विकत आणायचे नाही, आपणच बांधायचे! १९५६ साली लहान नमुना-यंत्र चालू झाले आणि १९६० साली पूर्ण यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले 'टिफ्रॅक'. यंत्र अठरा फूट लांब होते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. आणि स्मरणशक्ती किती? २,०४८ शब्द, दर शब्दात ४० द्विमान अंक. आजच्या मापाने ही दहा किलोबाइट झाली. आपण ज्याला 'जुना खटारा' म्हणतो त्या चार जीबीच्या लॅपटॉपची स्मरणशक्ती याच्या चार लाख पटींहून अधिक आहे. तरीही टिफ्रॅकवर त्या काळी शास्त्रज्ञांची गंभीर गणिते सुटत होती. म्हणजे मंदपणा हा नुसत्या आकड्यांवर ठरत नाही. काम किती आणि साधन किती, यांच्या प्रमाणावर ठरतो.

टिफ्रॅकचा ढीग कुठे साचत असे? गणित करणारा भाग विजेच्या वेगाने चाले. पण त्याला माहिती मिळे ती भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून, आणि उत्तर बाहेर येई ते टेलिप्रिंटरवर. त्या काळचा टेलिप्रिंटर सेकंदाला फार तर दहा अक्षरे टंकित करी. पंगतीत वाढपी एकच आणि जेवणारे दोनशे, अशातला तो प्रकार. नळ्या वाढवून हे दुखणे बरे होणारे नव्हते.

या जमान्यात दोष शोधण्याची एक शिस्त पडली. हजारो नळ्यांतली एखादी क्षीण झाली तरी यंत्र अडे किंवा, त्याहून वाईट म्हणजे, चुकीचे उत्तर देई. तेव्हा यंत्रज्ञ एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहत: एक भाग काढायचा, खात्रीचा दुसरा घालायचा, आणि काय फरक पडतो ते बघायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही, म्हणून हा नियम. अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी अशा शोधात चक्क एक पतंग सापडला. तो विद्युत्-स्विचमध्ये अडकून बसला होता. यंत्रज्ञांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि तो आजही जपलेला आहे. (आपल्याकडे पतंगाऐवजी मुंग्या निघतात, इतकाच काय तो फरक!)

१९६४ साली टाटा संस्थेत सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले. ते फार वेगवान होते, पण आता ढीग दारात साचू लागला. लोक आपले काम भोकांच्या कार्डांवर लिहून देत आणि पाळीची वाट पाहत. यंत्र जलद झाले आणि माणसे खोळंबली.

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. १९५६ सालीच, म्हणजे मुंबईत नमुना-यंत्र चालू झाले त्याच वर्षी, आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' नावाचे यंत्र काढले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या फिरत आणि त्यांवर पन्नास लाख अक्षरे मावत. माहिती साठवायची फिरती तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, येथे जन्मली. पुढे १९६२ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या 'ॲटलास' यंत्रात एक हिकमत निघाली. जवळची स्मरणशक्ती भरली, की तिच्यातला काही भाग यंत्राने आपणहून दूरच्या फिरत्या साठ्यात नेऊन ठेवायचा आणि लागेल तेव्हा परत आणायचा. शिक्षकांना हे चटकन समजेल. टेबलावर चारच वह्या मावतात. बाकीच्या पलीकडच्या खोलीतल्या कपाटात. पाचवी वही हवी झाली, तर टेबलावरची एक कपाटात ठेवून ती आणायची. अधूनमधून असे झाले तर कोणाला कळतही नाही.

पण समजा, हातातल्या कामाला एकाच वेळी सहा वह्या लागतात आणि टेबलावर जागा चारांची. मग गुरुजी दिवसभर टेबल आणि कपाट यांमध्ये नुसते धावत राहणार, आणि तपासून एकही वही होणार नाही. यंत्राची अशीच गत होते हे १९६०च्या दशकात ध्यानात आले. १९६८ साली पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याची मीमांसा केली. कोणत्याही कामाला त्या त्या क्षणी लागणारा माहितीचा एक संच असतो. तो जवळच्या स्मरणशक्तीत मावला तर काम सुरळीत चालते, मावला नाही तर यंत्र एकाएकी कोलमडते. हे कोलमडणे हळूहळू होत नाही, ही त्यातली मेख. या अवस्थेला इंग्रजीत 'थ्रॅशिंग' म्हणतात. आपल्या भातझोडणीला जो इंग्रजी शब्द आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ. दाणा केव्हाच निघून गेला आहे आणि आपण पेंढा झोडीतच आहोत, अशी ती दशा.

कपाट किती दूर आहे याची कल्पना हवी. जवळच्या स्मरणशक्तीतून, म्हणजे रॅममधून, एखादी गोष्ट काढायला यंत्राला एक सेकंद लागतो असे घटकाभर धरा. त्याच मापाने फिरत्या तबकडीवरून ती आणायला एक दिवसाहून अधिक वेळ लागेल! बऱ्याच जुन्या लॅपटॉपांतली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते. तिच्यावरची नेमकी जागा सुईखाली येईपर्यंत थांबावेच लागते. अलीकडे हार्ड डिस्कऐवजी एसएसडी नावाचा साठा मिळतो. त्यात फिरणारे काही नाही, नुसत्या चिप. त्याच मापाने एसएसडीचे काम पंधरावीस मिनिटांत होते. एक दिवस कुठे आणि पंधरावीस मिनिटे कुठे! म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये दुसरे काही न बदलता नुसती तबकडी काढून एसएसडी घातली, तर बहुधा तोच लॅपटॉप ओळखू येत नाही. चिकूवाडीतली दुसरी बाई ती हीच.

याला जोडूनच आणखी एका शास्त्रज्ञाचे नाव घेतले पाहिजे. जीन ॲमडाल यांनी १९६७ साली दाखवून दिले, की कामाचा जो भाग तुम्ही जलद करता त्याचा एकूण कामात वाटा जेवढा, तेवढाच फायदा पदरी पडतो. लॅपटॉप नव्वद टक्के वेळ तबकडीची वाट पाहत असेल, तर दुप्पट वेगाचा प्रोसेसर आणूनही शंभर मिनिटांचे काम पंचाण्णव मिनिटांवर येईल, बस्स. दुकानात गेल्यावर मात्र आपल्याला पहिल्यांदा प्रोसेसरचेच नाव ऐकवतात!

बरे, यंत्र तेच, मग पूर्वी बरे चालत होते ते आता का मंदावले? याचे उत्तर १९९५ सालात सापडते. त्या वर्षी निकलाउस विर्थ या स्विस शास्त्रज्ञाने तक्रार मांडली, की यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून अधिक झपाट्याने आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, जड होत जातात. त्याच वर्षी विंडोज ९५ बाजारात आले. त्याला किमान चार एमबी स्मरणशक्ती पुरे होती. २००१ साली विंडोज एक्सपी आले, त्याला किमान चौसष्ट एमबी. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला तोही २००१ सालीच. आपल्यातल्या कित्येकांनी माऊस प्रथम हातात धरला तो त्या वर्गांत. २०२१ साली विंडोज ११ आले, त्याला किमान चार जीबी. म्हणजे सव्वीस वर्षांत हजारपट मागणी. पत्र लिहायचे ते तेच मराठी पत्र, बेरीज करायची ती तीच हजेरीची बेरीज. टेबल तेवढेच राहिले आणि वह्यांची जाडी हजारपट झाली, मग धावपळ व्हायचीच.

कंपनीला यात दोष द्यावा काय? काही अंशी द्यावा. पण सुरक्षिततेच्या दुरुस्त्या, चित्रे, चलच्चित्रे, देवनागरी अक्षरांची आजची सोय, हेही सारे त्या जाडीतच आले आहे, हे विसरू नये.

घोलवडपासून जवळच कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम १९५७ साली या टेकडीवर आले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, आली तर मागे पडतात, तेव्हा ती 'मंद' आहेत असा निकाल देणे त्या काळी सोपे होते. या दोघींनी तो दिला नाही. मूल कुठे अडते ते त्यांनी जाऊन पाहिले. गुरे राखायची असतात म्हणून मूल येत नाही असे दिसले, तर शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हा शब्द त्यातून आला. यंत्राला मुलाची उपमा द्यावी हे मला फारसे रुचत नाही. मुलाला जीव आहे, यंत्राला नाही. तरी पाहण्याची रीत तीच आहे, आणि ती या मुलखातल्या शिक्षकांना शिकवायला बाहेरून कोणी यायला नको.

मग पाहावे कसे? आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्या. निकालपत्रके असतील, घरचे सातबारे असतील, फोटो असतील. तबकडीतून टकटक आवाज येत असेल, तर हे काम त्याच दिवशी करावे. तो आवाज बहुधा तबकडी संपत आल्याची खूण असते, आणि ती बंद पडल्यावर आतले परत मिळेलच असे नाही.

त्यानंतर यंत्र पुन्हा सुरू करावे. यात एक गंमत आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर यंत्र पुष्कळदा पुरते मिटत नाही. आपल्या अंतर्भागाची स्थिती ते तबकडीवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उघडते, म्हणजे लवकर सुरू होता यावे. त्यामुळे रोज बंद केलेले यंत्रसुद्धा आतून महिनाभर जागे असल्यासारखे असू शकते. 'रीस्टार्ट' म्हटले म्हणजे मात्र ते खरोखर नव्याने उठते. नुसते झाकण मिटणाऱ्यांनी तर हे अवश्य करून पाहावे.

तरीही मंदच असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. 'टास्क मॅनेजर' उघडतो. १९९६ सालच्या विंडोज एनटीपासून हे साधन आहे, आणि माझ्या मते यंत्राबरोबर फुकट मिळणाऱ्या वस्तूंत हीच सर्वांत मोलाची. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क असे रकाने दिसतात. यंत्र अडखळत असताना कोणत्या रकान्याचा आकडा शंभरला टेकला आहे ते बघायचे. ढीग तिथे आहे.

मेमरी भरलेली असेल तर टेबल लहान पडते आहे. ब्राउझरची पंचवीस पाने उघडी असतील, तर ती मिटवावी. याच साधनात 'स्टार्टअप' नावाची यादी आहे; बटण दाबताच न बोलावता येऊन बसणारे पाहुणे तिच्यात सापडतात. ओळखीचे नको असलेले तेवढे बंद करावे, अनोळखी असतील तर विचारून मगच हात लावावा. पुष्कळशा जुन्या लॅपटॉपांत रॅम वाढवता येते. नव्या पातळ लॅपटॉपांत ती पटलावरच डाख देऊन बसवलेली असते, मग इलाज नाही. डिस्कचा रकाना सतत शंभरवर असेल आणि आत फिरती तबकडी असेल, तर एसएसडीचा विचार करावा. मात्र मेमरी आणि डिस्क दोन्ही भरलेले दिसले, तर बिचाऱ्या डिस्कला लगेच दोष देऊ नये. ही वर सांगितलेली भातझोडणी असू शकते, तेव्हा टेबल आधी रिकामे करावे.

सीपीयू शंभरवर असेल, तर कोणती आज्ञावली तो खाते आहे ते यादीत दिसते. दोन-दोन विषाणूरोधक एकमेकांशी झुंजत असतात, किंवा खरोखरच एखादा विषाणू असतो. 'तुमचे यंत्र वेगवान करतो' अशी जाहिरात करणाऱ्या फुकट्या आज्ञावल्या, आणि 'तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय' म्हणून येणारे फोन, दोन्हींपासून चार हात दूर राहावे. पहिल्याने यंत्र आणखी मंदावते आणि दुसऱ्याने बँकेतले पैसे जातात.

कोणताच आकडा वर नाही, आणि यंत्र मात्र तापलेले आहे? मग उष्णता. प्रोसेसर फार तापला तर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. आपल्या किनाऱ्यावर दमट, खारी हवा. धूळ पंख्यात चिकटून तिचा थर बसतो. गोधडीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची भोके तर बंदच होतात. तो लाकडी फळीवर ठेवावा, आणि पंखा माहितगाराकडून साफ करून घ्यावा. गावात विजेचा दाब कमी म्हणून लॅपटॉप मंद चालतो, अशीही एक समजूत आहे. चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा. १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. तेव्हा ते कारण नव्हे. दुसऱ्याच यंत्राचा कमी ताकदीचा चार्जर लावला असेल, तर मात्र काही लॅपटॉप वेग उतरवतात.

आणि लॅपटॉपमधलीच फाईल झटकन उघडते, पण इंटरनेटवरचे पान उघडत नाही, असे असेल तर यंत्र निर्दोष आहे. खोळंबा टॉवरपाशी.

राहता राहिला एक प्रश्न, तो सध्या पुष्कळ शाळांपुढे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ सुमारे २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांना कंपनीच्या नियमाने चालत नाही. म्हणजे एसएसडी घालून तरतरीत झालेला लॅपटॉपसुद्धा सुरक्षिततेच्या दुरुस्त्यांवाचून राहतो. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे तर उघडच. परंतु ते भंगारात द्यावे असेही नाही. लिनक्स ही मुक्त प्रणाली विनामूल्य मिळते, तिच्या हलक्या आवृत्त्या थोड्या स्मरणशक्तीवर चालतात, आणि देवनागरी टंकन तिच्यात व्यवस्थित होते. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे याच प्रणालीवर चालल्या आहेत. ज्या शाळेत असे दोनतीन जुने लॅपटॉप कपाटात पडून असतील, त्यांनी आधी एकावरच हा प्रयोग करावा, आणि तो करण्यापूर्वी टास्क मॅनेजरमधले आकडे एका वहीत लिहून ठेवावे. नंतरच्या आकड्यांशी ताडून पाहायला ते लागतील.